शेवटी 'साइड' आलं की कोणीतरी मेलंच पाहिजे का?

अर्धविराम

माझी लेक नववीत आहे. शब्दसंग्रह वाढावा म्हणून तिला एक तक्ता मिळालाय. डावीकडे लॅटिन शेपूट, उजवीकडे अर्थ. त्यातली एक ओळ : 'साइड – मारणे'. उदाहरणं होमिसाइड, सुसाइड, पेस्टिसाइड. परवा रात्री वही घेऊन आली आणि विचारलं, "बाबा, कोइन्साइडमध्ये कोण मरतं?"

मी हसलो. मग वही बघितली. डिसाइडपुढे पेन्सिलीने 'निर्णय मारणे' लिहून खोडलेलं, पुढे प्रश्नचिन्ह, ते पुन्हा गिरवून जाड केलेलं. पोरीने तक्ता प्रामाणिकपणे लावून पाहिला होता. खोट तक्त्यातच आहे.

माझं पोट भाषांतरावर चालतं. फवारणीच्या बाटल्यांवरची लेबलं, औषधांची माहितीपत्रकं, अधूनमधून कायद्याचे कागद. त्यामुळे या शेपटीशी रोजची गाठ. उत्तर द्यायला बसलो आणि ते एका ओळीत मावेना, म्हणून हा काथ्याकूट.

मूळ धातू लॅटिनमधला 'काएदेरे'. अर्थ नुसता 'जीव घेणे' नाही. आधी तोडणे, कापणे, ठोकणे, बडवणे, आणि मग ठार करणे. आपल्या 'मारणे'चा पसारा साधारण असाच आहे. 'त्याने त्याला मारलं' म्हटलं की ऐकणारा विचारतो, नुसतं मारलं की जीवे मारलं? काएदेरेचंही तेच. झाड तोडायलाही तो, दगड फोडायलाही तो.

आता गंमत. आधी उपसर्ग किंवा दुसरा शब्द जोडला की या धातूतला 'आए' बदलून दीर्घ 'ई' होतो, आणि 'काएदेरे'चं '-कीदेरे' बनतं. यातून लॅटिनने दोन नामं केली. मारणारा तो '-कीदा', मारण्याची क्रिया ती '-कीदिउम'. होमिकीदा म्हणजे खुनी, होमिकीदिउम म्हणजे खून. स्पष्ट फरक होता. फ्रेंचमधून येता येता दोन्हींची शेपटं झिजली आणि दोन्हींचं '-साइड' झालं. म्हणून इंग्रजीत रेजिसाइड म्हणजे राजाची हत्या आणि राजाला मारणारा माणूसही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला १६४९ साली मृत्युदंड झाला, त्या आदेशावर ५९ जणांच्या सह्या होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत हे लोक 'रेजिसाइड्स' म्हणूनच येतात. भाषांतर करताना 'राजहत्या' लिहून पुढे गेलो आणि दोन ओळींनंतर त्या राजहत्या फ्रान्सला पळून गेल्या, असं माझं एकदा झालेलं आहे. संपादकांनी समासात फक्त 'कशा?' एवढंच लिहून पाठवलं होतं.

कोइन्साइडचं उत्तर मुद्दाम देत नाही. बघू कोण देतं.

ठोकळा

सकाळी सकाळी खुनांचा धागा. चहा ठेवून आलो, बसतो.

निमूट_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली).

कातरवेळ

मी सांगते. कोइन्साइडचा काएदेरेशी काही संबंध नाही. तो आला 'कादेरे'वरून. अर्थ पडणे. को + इन + कादेरे, एकत्र येऊन पडणे. आपणही 'पडणे'च वापरतो. 'त्याचा वाढदिवस आणि रविवार एकाच दिवशी पडले'. कोइन्साइडचं याहून नेमकं मराठी मला सुचत नाही.

हा कादेरे फार लांब पसरलाय. ॲक्सिडेंट, इन्सिडेंट म्हणजे येऊन पडलेलं. आपल्याकडे प्रसंग पडतो, पेच पडतो, गाठ पडते, तसंच. केस, कॅज्युअल, कॅज्युअल्टी, चान्स, कॅस्केड, डिके, सगळी याचीच पिल्लं.

आणि घोळ कुठे झाला ते पाहा. उपसर्ग लागला की कादेरेतला 'आ' पण बदलतो, पण तो ऱ्हस्व 'इ' होतो. म्हणजे एकीकडे '-किदेरे' (पडणे), दुसरीकडे '-कीदेरे' (कापणे). रोमन लिपीत दोन्ही एकसारखेच दिसतात. देवनागरीत लिहिलं की आपोआप वेगळे पडतात :

डेकिदेरे, गळून पडणे. डेकीदेरे, कापून टाकणे.
ओक्किदेरे, मावळणे. ओक्कीदेरे, ठार मारणे.
इन्किदेरे, वर येऊन पडणे. इन्कीदेरे, आत चिरणे.

पहिल्या जोडीतून इंग्रजीला दोन शब्द मिळाले, डेसिड्युअस आणि डिसाइड. पानगळीची झाडं आणि निर्णय. अक्षरं जवळपास तीच, पण सख्खे नाहीत. दुसऱ्या जोडीतल्या ऱ्हस्ववाल्याकडून ऑक्सिडेंट आला, सूर्य जिथे मावळतो ती दिशा, पश्चिम. त्यात वेलांटी चुकली की सूर्यास्ताचा खून होतो.

आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांची वेलांटी चुकली की मास्तर कान धरायचे. रोमन मास्तरही धरत असणार.

ठोंब्या

मग डिसाइड काएदेरेवालाच ना? म्हणजे लेकीचं 'मारणे' इतकंही चूक नाही?

अर्धविराम

@कातरवेळ, टाळ्या! ही तीन जोड्यांची मांडणी आज रात्री वहीत उतरवून देतो.

@ठोंब्या, हो, डिसाइड काएदेरेवालाच, पण 'कापणे' या अर्थाचा. वाद चाललाय, दोन्हीकडून ओढाताण, कोणीतरी मध्ये घाव घालतं आणि संपवतं. आपल्याकडे त्याला 'एक घाव दोन तुकडे' म्हणतात. लेकीला हेच सांगितलं तर म्हणाली, "मग आधी हेच सांगायचं ना." नुसत्या 'निर्णय घेणे'तून काही कळत नव्हतं, घाव दिसल्यावर कळलं.

यतिभंग

कापणाऱ्या काएदेरेचं घराणं मारणाऱ्यापेक्षा मोठं आहे, आणि मला तेच जास्त आवडतं, म्हणून थोडं लांब लिहितो.

कन्साइज म्हणजे बारीक कापून आटोपशीर केलेलं. प्रिसाइज म्हणजे पुढचं वाढीव छाटून टाकलेलं. इन्सिजन म्हणजे चीर, इन्सायझर म्हणजे पुढचे कापणारे दात. चिझल, आपली छिन्नी, तीही याच धातूची. आणि सिमेंट. रोमन लोक 'काएमेंतुम' म्हणायचे ते दगड फोडून काढलेल्या कपच्यांना. त्या कपच्या चुन्याच्या लगद्यात घालून भिंती उठायच्या. पुढे हे नाव कपच्यांवरून सरकलं आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या लगद्याला चिकटलं. ज्याच्या नावात तोडणं आहे तेच आज सांधायला वापरतात.

माझ्या आयडीशी संबंध असलेला शब्दही याच घरातला, 'सेझुरा'. कवितेच्या ओळीत मध्ये जो थांबा येतो तो, म्हणजे आपली यति. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्यानंतर. गंमत म्हणजे तिकडे त्या जागेला 'काप' म्हणतात आणि इकडे 'आवरणं', कारण यति हा शब्द 'यम्' म्हणजे आवरणे यावरून. एकाने ओळ तोडली, दुसऱ्याने श्वास धरला. जागा तीच.

ठोकळा

आणि सिझर? आमच्या घरात दोन सिझर झालेत, एकही रोमन नाही.

यतिभंग

तेही काएदेरेच, पण मध्ये एक दंतकथा शिरली आहे. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की सीझर घराण्यातला पहिला माणूस आईचं पोट कापून काढला गेला म्हणून हे नाव पडलं. प्लिनी सांगतोय घराण्यातल्या कोणा पूर्वजाबद्दल. लोकांनी उचलून ते थेट ज्युलियस सीझरला लावलं. पण त्याची आई ऑरेलिया इ.स.पू. ५४ पर्यंत जिवंत होती, तोवर तो चाळिशी ओलांडून गेला होता. त्या काळात पोट कापल्यावर बाई वाचत नसे. तेव्हा ज्युलियसचं 'सिझर' झालेलं नाही. त्याच्यावर वार झाले ते शेवटी, इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला.

ठोकळा

बरं. मग एक्साइज ड्यूटी? ती तर खिसाच कापते.

अर्धविराम

शस्त्रक्रियेतलं एक्साइज, म्हणजे गाठ कापून काढणं, ते काएदेरेचं. करातलं एक्साइज डच भाषेकडून आलेलं, वेगळंच. तुझा खिसा कापला गेला असेल, पण शब्दाचा त्यात हात नाही.

तणकट

उशिरा आलो. शेतीशास्त्र शिकलोय आणि फवारणीत हात काळे झालेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे या शेपटीने शब्दांचा कारखानाच काढलाय. हर्बिसाइड तणनाशक, फंजिसाइड बुरशीनाशक, इन्सेक्टिसाइड कीटकनाशक, रोडेंटिसाइड उंदरांचं, ॲकॅरिसाइड कोळीनाशक, निमॅटिसाइड सूत्रकृमींचं. पेस्टिसाइड ही सगळ्यांवरची छत्री. तरी लोक पेस्टिसाइड म्हणजे फक्त कीटकनाशक धरतात. तणनाशकही पेस्टिसाइडच आहे हे सांगितलं की समोरच्याला मी फसवतोय असं वाटतं.

हे नुसतं शब्दांचं कीस काढणं नाही. लाल कोळी हा कीटक नाही. त्याला आठ पाय, तो कोळ्यांच्या जातकुळीतला. पानाखाली बारीक जाळं दिसलं, पान ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळं पडलं, की माणूस हाताशी असलेलं कीटकनाशक मारतो. काही कीटकनाशकांनी कोळी मरत नाहीच, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि आठवड्यात कोळी दुप्पट. लेबलावरच्या शेपटीआधीचा शब्द वाचला असता तर औषधही वाचलं असतं आणि पीकही.

अजून एक. औषधांत 'साइडल' आणि 'स्टॅटिक' असे दोन प्रकार असतात. बॅक्टेरिसाइडल जिवाणू मारतं, बॅक्टेरिओस्टॅटिक त्यांची वाढ थोपवून धरतं. मराठी पत्रकात दोन्हींना 'जंतुनाशक' लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

जाता जाता, आम्ही औषध 'मारतो'. पिकाला औषध मारलं, फवारा मारला. अर्धविराम म्हणतात तसं, मारणे म्हणजे जीव घेणंच असेल तर आम्ही रोज औषधाचाच खून करतो.

अर्धविराम

@तणकट, 'जंतुनाशक'वाला दगड मला लागला. एका पत्रकात मीही तसंच लिहिलंय. हल्ली 'वाढ रोखणारे' लिहितो.

तुमच्या यादीतला इन्सेक्टिसाइड जवळून बघण्यासारखा आहे. इन्सेक्ट म्हणजे 'कापलेला'. कीटकाचं शरीर डोकं, छाती, पोट असं मधे मधे खाचा पाडल्यासारखं असतं म्हणून ग्रीकांनी त्याला 'एंतोमोन' म्हटलं, आणि लॅटिनने त्याचंच शब्दशः 'इन्सेक्तुम' केलं. म्हणजे इन्सेक्टिसाइड शब्दशः 'कापलेल्याला कापणारा'.

कातरवेळ

आणि रोडेंट म्हणजे कुरतडणारे, रोदेरेवरून. मराठीत शास्त्रीय शब्द 'कृंतक'. त्यातला 'कृत्' म्हणजे कापणे. त्याच कृत् वरून कर्तरी, आणि तिची कातर, कात्री. तेव्हा उंदीर आणि कात्री आपल्याकडे एकाच धातूची लेकरं. कापड दोघंही सोडत नाहीत.

ठोंब्या

एक शंका. काएदेरे आणि आपला 'छिद्' एकच असणार ना? छेद, विच्छेद, उच्छेद. सीदेरे, छिद्. ऐकूनच कळतं.

कातरवेळ

ऐकून कळतं तिथेच फसायला होतं. छिद् चा लॅटिन भाऊ काएदेरे नाही, 'स्किंदेरे'. त्याचा अर्थ फाडणे, चिरणे. रिसाइंड, म्हणजे दिलेला आदेश मागे घेणे, यात तो आहे. ग्रीकमध्ये तोच 'स्खिझेइन', आणि स्किझोफ्रेनिया त्यातून आला.

आणि आता कात्रीकडे परत या, कारण इंग्रजी कात्रीत हे दोन धातू चक्क एकमेकांत अडकलेत. सिझर्स हा शब्द काएदेरेच्या घरचा. जुन्या फ्रेंचमध्ये साध्या 'सी'ने सुरू व्हायचा. पुढे विद्वानांना वाटलं हा स्किंदेरेवरून आला असणार, म्हणून त्यांनी सुरुवातीला 'एस' चिकटवला. आज मुलं स्पेलिंग पाठ करताना त्या 'एससी'ला शिव्या देतात. एक पातं काएदेरेचं, एक छिद् च्या भावाचं.

माझ्या मते या धाग्यातली खरी गंमत पुढे आहे. 'साइड'साठी मराठीत आपण तीन गोष्टी वापरतो. '-घ्न' (कृमिघ्न, शत्रुघ्न, कृतघ्न), '-हत्या' आणि '-नाशक'. घ्न आणि हत्या दोन्ही 'हन्' वरून, नाशक 'नश्' वरून. यातल्या एकाचाही लॅटिन नातेवाईक '-साइड' नाही. हन् चा नातेवाईक आहे डिफेंड आणि ऑफेंडमधला 'फेंड'. इंग्रजीतला बेन (घात करणारी गोष्ट) हा शब्दही त्याच कुळातला. नश् चे नातेवाईक नॉक्शस (अपायकारक), इनोसंट आणि ग्रीक नेक्रोस, म्हणजे प्रेत. इनोसंट म्हणजे ज्याने इजा केलेली नाही तो.

तेव्हा अर्थाने जोडी लावाल तर नाती जुळत नाहीत, आणि नाती लावाल तर अर्थ जुळत नाहीत.

निमूट_वाचक

निमूट राहवेना. कृतघ्न म्हणजे केलेल्या उपकाराला मारणारा! शाळेत विरुद्धार्थी शब्द म्हणून कृतज्ञ-कृतघ्न घोकलं, पण आत 'मारणे' बसलंय हे आज कळलं.

रानजाई

कायद्याच्या बाजूने एक-दोन गोष्टी.

मराठी इथे इंग्रजीपेक्षा चोखंदळ आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच शेपूट. आपल्याकडे खून, हत्या, वध, घात, संहार. कंसाचा वध होतो, हत्या होत नाही. 'वध' म्हटलं की बोलणारा मारणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. टिरॅनिसाइडला मी 'जुलमी राजाचा वध' म्हणेन, रेजिसाइडला 'राजहत्या'. कृती एकच असेल, शब्द निवडला की बाजूही निवडली जाते. भाषांतरकारांनी हे जपून करावं.

रोमन कायद्यात पॅरिसाइड हा फार भयंकर गुन्हा. त्यात नुसता बाप नाही, जवळचे रक्ताचे नातेवाईक येत. शिक्षा अशी की गुन्हेगाराला चामड्याच्या पोत्यात शिवायचं, सोबत कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड, आणि पोतं पाण्यात. सिसेरो या रोमन वकिलाने इ.स.पू. ८० मध्ये सेक्स्तुस रोशियसला याच आरोपातून सोडवलं आणि त्या खटल्याने त्याचं नाव झालं. फक्त बापापुरता पॅट्रिसाइड, आईचा मॅट्रिसाइड, भावाचा फ्रॅट्रिसाइड. बायकोसाठी अक्झोरिसाइड, नवऱ्यासाठी मॅरिटिसाइड. नातं सांगा, लॅटिन शब्द काढून देते.

पण थांबण्यासारखा शब्द एकच, जेनोसाइड. बाकीचे शब्द कोणी घडवले ते बहुतेक वेळा सांगता येत नाही, याचा माणूसही ठाऊक आहे आणि सालही. चर्चिल १९४१ मध्ये रेडिओवरच्या भाषणात म्हणाले होते की आपण एका नाव नसलेल्या गुन्ह्यासमोर उभे आहोत. राफाएल लेम्किन या पोलंडमधल्या ज्यू वकिलाने १९४४ च्या आपल्या पुस्तकात त्याला नाव दिलं. ग्रीक 'गेनोस', वंश किंवा कूळ, आणि लॅटिन '-साइड'. होमिसाइड, टिरॅनिसाइड, इन्फँटिसाइड यांच्या धर्तीवर केला, असं त्याने तिथेच लिहून ठेवलंय. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला, १२ जानेवारी १९५१ ला तो लागू झाला. पुस्तकातला शब्द चार वर्षांत कायद्यात.

वर्तमानपत्रांत याला सर्रास 'नरसंहार' लिहितात. मला ते पटत नाही. नरसंहार म्हणजे खूप माणसं मारणं. करारातली व्याख्या संख्येवर नाही, हेतूवर आहे. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. आणि त्यात मोजलेल्या पाच कृत्यांत ठार मारणं हे फक्त एक. गटात जन्मच होऊ नयेत अशी व्यवस्था करणं, मुलं बळजबरीने दुसऱ्या गटात नेणं, हेही त्यात येतं. म्हणजे जेनोसाइड एकही खून न करता होऊ शकतो. '-साइड = मारणे' हे समीकरण इथे पार तोकडं पडतं. माझं मत 'वंशसंहार'ला.

अर्धविराम

@रानजाई, मी आजवर 'नरसंहार'च लिहित आलो, कारण संपादकांना तो लगेच कळतो. पण 'अंशतः' आणि 'हेतू' हे दोन शब्द त्यात बसत नाहीत हे मान्य.

कातरवेळ

एक भर. 'गेनोस' आणि आपला 'जन' सख्खे आहेत, दोन्ही जन्माच्या धातूवरून. तेव्हा जेनोसाइडला 'जनसंहार' म्हटलं तर पुढचा अर्धा भाग अगदी मुळाशी जाऊन जुळतो. मात्र आज 'जन' म्हणजे कोणतेही लोक, म्हणून कायद्यासाठी वंशसंहारच बरा. व्युत्पत्ती जुळली म्हणून अर्थ जुळतोच असं नाही.

यतिभंग

ग्रीक पुढे आणि लॅटिन मागे, या असल्या संकरावर जुने पंडित चिडायचे. सुसाइड हा संकर नव्हे, दोन्ही भाग लॅटिनच, तरी त्यावर एडवर्ड फिलिप्स हा सतराव्या शतकातला कोशकार, कवी मिल्टनचा भाचा, फारच उखडला होता. 'सुइ' म्हणजे स्वतःचा, पण लॅटिनमध्ये 'सूस' म्हणजे डुक्कर आणि त्याची षष्ठी 'सुइस'. त्याच्या मते हा शब्द ऐकून डुकरीण मारल्यासारखं वाटतं. तक्रार व्याकरणाला धरून होती. शब्दाने दाद दिली नाही.

ठोंब्या

शेवटावरून शब्द लावलेला एक कोश आहे माझ्याकडे. त्यात '-साइड'मध्ये 'बार्मिसाइड' मिळाला. 'सी'नेच लिहिलेला. बार्मी नावाचा कोणी मेला का?

कातरवेळ

ठोंब्या, तू आज माणिक काढलंस!

यात कोणी मरत नाही, फक्त उपाशी राहतो. अरबी सुरस कथांमध्ये बगदादच्या बार्मकी घराण्यातला एक श्रीमंत माणूस एका भुकेल्याला जेवायला बसवतो आणि रिकाम्या ताटल्यांवर ताटल्या वाढतो. हे घे, ते घे, कसं झालंय? भुकेलाही खाल्ल्याचं नाटक करतो. त्यावरून इंग्रजीत 'बार्मिसाइड फीस्ट' म्हणजे नुसता देखावा, हाती काही नाही. घराण्याच्या नावाला फ्रेंच-इंग्रजी शेपूट लागून ते आपल्या खुन्यांसारखं दिसायला लागलं.

आणि बार्मक कुठून आला? आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख इथल्या 'नवविहार' या बौद्ध विहाराच्या मुख्याची ती पदवी होती. संस्कृत 'प्रमुख'. प्रमुखचा बार्मक, बार्मकचा बार्मिसाइड. लॅटिनचा टिपूस नाही त्यात.

ठोकळा

म्हणजे शब्दच बार्मिसाइड आहे. ताटली दिसते, आत लॅटिन नाही.

तणकट

+१. या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद ठोकळ्याचा असेल असं वाटलं नव्हतं.

अर्धविराम

लेकीला सगळं वाचून दाखवलं. बार्मिसाइडवर खूप हसली. तक्त्यातल्या ओळीखाली तिने आता लाल पेनाने लिहिलंय : 'मारणे / कापणे / पडणे / कधी कधी जेवण नाही'. उद्या वर्गात काय होईल ते होवो.

पण प्रकरण मिटलेलं नाही. आता ती 'एस'वाल्या शब्दांकडे वळलीय. रिसाइड, प्रिसाइड, सबसाइड. मराठीत उच्चार लिहिले तर हेही 'साइड'च. मी सांगितलं की हे तिसरंच घर, 'सेदेरे', बसणे. रिसाइड म्हणजे ठाण मांडून बसणं, प्रिसाइड म्हणजे पुढे बसणं, सभेचं अध्यक्ष होणं. हे पटलं. सबसाइडला मात्र अडली. "पूर ओसरतो, बाबा. पूर बसतो का?"

कातरवेळ

सांगा तिला, पूर नाही पण धुरळा बसतो, गाळ बसतो, गळू बसतं. सबसाइड तोच.

आणि नातं शोधायचं असेल तर ते इथे सापडेल, एवढे खून पालथे घातल्यावर. सेदेरे आणि आपला 'सद्' एकच. संसद, परिषद, उपनिषद यांतला सद्. म्हणजे संसदेत कोणी प्रिसाइड करतं तेव्हा दोन्ही शब्दांत एकच धातू बसलेला असतो. 'प्रसन्न'सुद्धा सद् चाच. संस्कृतात पाणी प्रसन्न म्हणजे नितळ, गाळ खाली बसलेलं.

अर्धविराम

हे वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात कुंडीतली चमचाभर माती ढवळून आणली. आत्ता पेला टेबलावर आहे, ती समोर हनुवटी टेकून बसलीय. अजून गढूळच आहे.